वाचकांचे प्रश्न : धानाची बांधी, मामा तलाव आणि सारस

प्रश्न : धानाच्या बांधीला (भातखाचराला) पाणथळ जागा म्हणायचं का? तिला कायद्याचं संरक्षण आहे का? (लाखांदूर)

उत्तर : निसर्गाच्या हिशेबात ती पाणथळच आहे, कायद्याच्या हिशेबात नाही. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या 2008 च्या परिषदेने भातखाचरांना पाणथळ परिसंस्था म्हणून मान्यता दिली. आपल्या देशाच्या पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांत मात्र भातशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे बांधीतल्या बेडकाचं काय होणार, हे बहुतांशी शेतकऱ्याच्याच हातात राहतं.

प्रश्न : तुडतुड्यांसाठी (धानाचा रस शोषणाऱ्या किडीसाठी) फवारणी केली की बांधीतल्या मासोळ्या मरून तरंगतात. तुडतुडे पंधरा दिवसांत परत येतात ते वेगळंच. (मोहाडी)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन अशी पायरेथ्रॉईड गटातली औषधं अगदी थोड्या मात्रेतही माशांना विषारी ठरतात. तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण, हेही या औषधांनी मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. त्यांतून पिल्लं निघतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं.

सुरुवात रोवणीपासून (रोपं लावण्यापासून) करा. दर 2 ते 2.5 मीटरनंतर 30 सेंमीचा पट्टा मोकळा सोडा. वारा आणि ऊन बुडख्यापर्यंत गेलं की तुडतुडे कमी वाढतात. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, कारण गडद हिरवं, लुसलुशीत पीक तुडतुड्यांना आवडतं. प्रत्येक चूड (रोपांचा झुपका) थोडा वाकवून बुडखा पाहा. चुडामागे सरासरी 5 ते 10 तुडतुडे दिसेपर्यंत फवारू नका. त्यापुढे गेले तर आधी तीन-चार दिवस पाणी काढून बांधी कोरडी ठेवा. एवढ्यानेही पुष्कळदा भागतं. फवारावंच लागलं तर पायरेथ्रॉईड गट टाळा आणि फवारा बुडख्यावर मारा. त्यानंतर किमान आठवडाभर बांधीतलं पाणी बाहेर जाऊ देऊ नका. ते खालच्या बोडीत (लहान तळ्यात) गेलं की तिथले मासे मरतात. खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड (खोडकिड्याची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड) हेक्टरी 50,000 अंडी या प्रमाणात, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा लावा. कार्ड लावल्यावर लगेच फवारलं तर तो खर्च पाण्यात.

प्रश्न : बांधीत सारसाचं घरटं आहे. पीक किती जाईल? (गोंदिया)

उत्तर : घरटं दोनेक मीटर व्यासाचं असतं, म्हणजे नुकसान तेवढ्या तुकड्याचं. अंडी साधारण दोन, उबवायला महिनाभर लागतो. पिल्लं उडायला आणखी तीनेक महिने घेतात, तोवर ती आईबापांमागे चालत फिरतात. म्हणून घरट्याभोवती फवारू नका, पाणी एकदम तोडू नका आणि कुत्री लांब ठेवा. कापणीला हार्वेस्टर घालण्यापूर्वी शेत पायी फिरून पाहा. वनविभागाला कळवा. फोटोसाठी जवळ जाऊ नका. जोडी घरट्यावरून उठली की अंडी कावळ्यांच्या तोंडी.

प्रश्न : धानातून मिथेन निघतो म्हणतात. पाणी तोडून पीक घेता येतं का? (साकोली)

उत्तर : येतं. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू संपला की तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. पाणी अधूनमधून आटू दिलं की हवा आत शिरते. पाणी किती खाली गेलं ते पाहायला 30 सेंमी लांबीच्या पाइपाला खालच्या 15 ते 20 सेंमीत भोकं पाडा, तेवढा भाग जमिनीत गाडा आणि आतली माती काढा. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू करा. पाइपातलं पाणी जमिनीच्या 15 सेंमी खाली गेलं की पुन्हा 5 सेंमी पाणी भरा. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी तोडलं तर पळींज (पोचट दाणे) वाढते.

यात एक खोच आहे. बांधी कोरडी झाली की बेडूकपिल्लं आणि मासोळ्याही मरतात. म्हणून ही पद्धत आधी उन्हाळी धानात वापरा. तिथे पाणीही अधिक वाचतं. खरिपात एका कोपऱ्यात गुडघाभर खोल डबकं राखलं तर जीवांना आसरा मिळतो.

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात बेशरम (पसरणारं झुडूप) माजली, देवधान (रानटी भात) आणि मासे गेले. उन्हाळी धान कारण आहे का? (अर्जुनी मोरगाव)

उत्तर : एक कारण आहे, एकमेव नाही. खरिपाच्या धानाला निसवणीच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) वेळी पाणी कमी पडू नये, हा या तलावांचा मुख्य उपयोग. उन्हाळी पिकासाठी ते तळापर्यंत उपसले की पाणवनस्पतींचं बी आणि मासळीचं बीज, दोन्ही टिकत नाहीत. शेतातून वाहून आलेला युरिया जलपर्णीला पोसतो. त्यात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की उरलीसुरली वनस्पतीही संपते.

बेशरम उन्हाळ्यात, तळ सुकल्यावर मुळासकट उपटा. नुसती कापली तर ओल्या चिखलात पडलेल्या तुकड्यांच्या पेरांना मुळं फुटतात. गाळ काढताना मधला भाग खोल करा, काठचा उथळ उतार तसाच ठेवा. जेसीबीने तलावाची उभी विहीर केली तर पाणी साठतं, पण देवधान, पाय बुडवून चरणारे पक्षी आणि पहिल्या पावसात उथळ पाण्यात अंडी घालणारे मासे परतत नाहीत. कोणती वनस्पती कुठून आणून लावायची, हे गावातल्या ढीवरांना (मासेमारी करणाऱ्या समाजाला) विचारा. त्यांच्याइतका तलाव कुणाला माहीत नसतो.