गालावरचा वण आणि जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं

(वय सत्तावीस, कोथरूड. सात महिन्यांपूर्वी कर्वे रस्त्यावर गाडी घसरली. डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत वण राहिला, कोपराच्या मागेही टाके पडले. डॉक्टर म्हणतात, "छान भरलंय." पण ऑफिसात पोचल्यावरही स्कार्फ सुटत नाही, मीटिंगला कॅमेरा बंद. आत्या म्हणते, "आता स्थळं कशी यायची?" तिचा प्रश्न: मी उगाच बाऊ करतेय का?)

प्रिय मैत्रिणी,

नाही, बाऊ करत नाहीयेस. आणि डॉक्टरही खोटं बोलत नाहीत. जखम भरली का, टाके नीट जुळले का, हे त्यांनी पाहिलं. त्या हिशेबात तुझा गाल पास झाला. पण वण तपासायची 'पोसास' नावाची एक पद्धत 2004 पासून आहे. तिच्यात डॉक्टर वेगळे गुण देतात आणि रुग्ण वेगळे. डॉक्टर रंग, जाडी, लवचीकपणा बघतात. रुग्णाला विचारतात, दुखतो का, खाजतो का, ताठर वाटतो का. हे दोन हिशेब जुळतीलच असं नाही. वणाची लांबी मोजून मनाला किती लागलंय ते कळत नाही, एवढं तुझ्या आत्यांनाही सांगायला हरकत नाही.

पण तुझं पत्र वाचताना मी थबकले ती वेगळ्याच दोन वाक्यांवर. "वेणी घालताना कोपर ओढतं." "कर्वे रस्ता टाळून लांबून जाते, मागून हॉर्न वाजला की छातीत धडधडतं." गालावर दीड पान लिहिलंस आणि हे दोन ओळींत उरकलंस! सांध्यावरचा वण आकसत गेला की हालचालच अडते. तेव्हा कोपर याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनला दाखव, फिजिओथेरपिस्टकडेही जा. खासगीतला खर्च जड वाटला तर ससून या सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. आणि सात महिन्यांनंतरही रस्ता टाळावा लागत असेल, तर ते नुसतं भित्रेपण नव्हे. अपघाताच्या धक्क्यावर चांगले उपचार आहेत. पहिला फोन 14416 वर कर. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता गाल. वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात, त्यामुळे आजचा रंग हा शेवटचा रंग नव्हे. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने नेमाने वापरावं लागतं. पट्टी असेल तर दिवसाचे बारा तास तरी. मालिश कसं करायचं ते फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घे. सनस्क्रीन रोज. लिंबू चोळायला सांगणाऱ्यांकडे काणाडोळा कर. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढ; आरशात रोज बघून फरक कळत नाही. वण मूळ जखमेच्या बाहेर पसरायला लागला तर मात्र लगेच दाखव. तो कदाचित केलॉइड असेल, आणि तो नुसता कापून काढला तर बऱ्याचदा पुन्हा वाढतो.

स्कार्फचं म्हणशील तर पुण्यात तोंड बांधलेल्या मुलीकडे कोणी वळूनही बघत नाही, म्हणूनच तो तुला इतका सोयीचा पडतो. गाडीवर बांधच, उन्हापासून वणालाही बरं. ऑफिसात मात्र आधी एकाच मैत्रिणीसमोर सोड, डबा खाताना. कॅमेऱ्याचं नंतर बघू.

आत्यांना उत्तर आईने द्यावं, तू नाही. तू खुलासे करत बसलीस तर दर रविवारी तुझ्या गालावरच चर्चा होईल.

तुझी ताई