जुन्या टाटा ४०७ ट्रकचं स्टेअरिंग सैल झालंय, मिस्त्री स्टेअरिंग बॉक्स आवळू म्हणतो. ड्रायव्हर ग्रीस मारत नाही म्हणून असं होतं का?

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो, बाकीचं नंतर. गाडी २००५ ची, स्टेअरिंगला प्ले आहे (चाक न वळता ते मोकळंच फिरतं), खड्ड्यात पुढून खडखडते, बॉक्सचा (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी) स्क्रू आवळला की काम झालं असं मिस्त्री म्हणतो. घाटात गाडी रस्ता धरत नाही अशी ड्रायव्हरची कुरकुर, आणि तुमचा संशय असा की त्यानंच ग्रीस मारलं नसणार. हे असलंच माझ्या दाजींच्या तोंडून एवढं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

दाजींची ४०७ होती आणि मी ती चालवायचो. कोल्हापुरातून गुळाचे रवे घेऊन आंबा घाटानं रत्नागिरीकडे उतरायचं, येताना जांभ्याचे चिरे भरायचे. चिऱ्याची गाडी कशी भरतात ते तुम्हाला सांगायला नको. पावतीवरचं वजन वेगळं आणि पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) बसलेलं वेगळं. दाजींच्या ठरलेल्या मिस्त्रीनं किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) बुशा, म्हणजे पिनेभोवतीच्या धातूच्या नळ्या, बदलल्या, आणि पावसाळा सरेपर्यंत चाक परत हलायला लागलं. दाजींचा निकाल तयारच होता: "तू ग्रीस मारत नाहीस." ग्रीस गन माझ्या सीटखाली असायची, गाडी रिकामी झाली की पहिलं काम तेच. तरी पगारातून पैसे कापले. मेहुण्यानं मेहुण्याशी वाद घालायचा तरी किती, ताई मध्ये उभी. आणि त्या कापलेल्या पैशातून मिस्त्रीनं काय केलं? बॉक्सचा स्क्रू आवळून दिला.

आता त्यानं काय होतं ते बघा. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, म्हणून बॉक्समधले मधले दाते झिजतात, बाजूचे तेवढे झिजत नाहीत. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की हातात स्टेअरिंग कसं नव्यासारखं वाटतं, मालक खूश. पण पूर्ण वळण मारलं की बाजूच्या दात्यांवर बॉक्स घट्ट बसतो आणि स्टेअरिंग आपणहून परत येत नाही. आंबा घाटात वळण संपलं तरी चाकं वळलेलीच, आणि मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढून सरळ करतोय, समोरून एसटी. साखरप्याला गाडी उभी केली आणि दाजींना फोन केला की मी ही परत चढवत नाही, तुम्ही या. आले. तोंड एवढं करून आले, पण आले.

तिथंच त्यांना जे दाखवलं ते तुम्हीही करा, त्याला मिस्त्री लागत नाही. ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला, खाली लाकडी ठोकळा द्या. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेरिंग सैल आहे. तरीही हललं तर किंगपिन गेली. आमचं ब्रेक दाबूनही कडक-कडक वाजत होतं. मग चाकं जमिनीवर टेकवून एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावा आणि आपण खाली आडवं होऊन ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून खाली येणारा दांडा, बघा. स्टेअरिंग फिरतंय पण ड्रॉप आर्म गप्प, तर बॉक्समध्ये दोष, किंवा बॉक्सचे चॅसिसचे बोल्ट सैल. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक गप्प, तर ड्रॅगलिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टायरॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे) गेलेत. एंडवर हात ठेवा, सांध्यातली टकटक बोटांना कळते. एवढं न करता जो थेट पाना घेऊन स्क्रूकडे जातो त्याच्याकडे गाडी नेऊ नका.

आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं पिन ठोकून काढली, जुनी बुश बाहेर आली ती एका बाजूला कागदासारखी पातळ, आतून निळी-काळी पडलेली, ग्रीसचा टिपूस नाही. दाजींनी लगेच माझ्याकडे बघितलं. कारागीर काही बोलला नाही, बुश उलटी करून उजेडात धरली. बुशेला जे ग्रीसचं भोक असतं ते निप्पलच्या (गननं ग्रीस भरायचं तोंड) भोकासमोर नव्हतंच, बसवणाऱ्यानं बुश फिरवून दाबली होती. वरून कितीही पंप मारा, ग्रीस बुशेच्या पाठीला लागून थांबणार. निप्पल बाहेरून चोपडलेलं दिसायचं, कारण तिथूनच ते परत यायचं. दाजी म्हणाले, "बुशच हलकी असेल." पैसे आजतागायत परत मिळाले नाहीत.

नवी बुश दाबल्यावर त्यानं वरच्या आणि खालच्या बुशेतून एकच लांब रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवला, दोन्ही एका रेषेत यायला. पिनला तेल लावून अंगठ्यानं दाबली की सरकली पाहिजे, हातोडा लागला तर अजून रीमर मारायचा, ढकलल्याशिवाय पडली तर बुश वाया. खाली थ्रस्ट बेरिंग (गाडीचं वजन पेलणारं) नवं, वर शिम (फट भरायची पातळ चकती). तुमच्याकडचा मिस्त्री बुशा घासपेपरनं मोठ्या करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

बाकी खडखडीचं म्हणाल तर शॅकल पिन (पाट्याचं टोक चॅसिसला लटकवणारी) आणि तिच्या बुशा बघा, पहार घालून पाटा उचकटला की कळतं. यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) सैल राहिले की सेंटर बोल्ट (पाट्याची पानं एकत्र धरणारा) तुटतो आणि ॲक्सल मागे सरकतो, मग गाडी एका बाजूला ओढते आणि सगळे स्टेअरिंगला शिव्या देतात. दोन्ही बाजूंनी पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत टेप लावा, फरक दिसेल. नवे यू बोल्ट माल भरून थोडं चालवल्यावर परत आवळायचे. टायरॉड एंडच्या नटाला कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून आरपार घालतात ती) भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, सैल करून नाही. आणि कॉटर पिन नवीनच. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ९८ मध्ये, स्टेअरिंगला ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. कडेवर मोजला तर अर्धी वीत भरेल. माझ्या मते घाटात चालणाऱ्या गाडीला एवढाही फार झाला, पण पासिंगला तेवढी मुभा आहे.

खर्चाचं नक्की सांगत नाही, गावोगावी मजुरी वेगळी. नव्या बॉक्सच्या पैशात किंगपिन किट, सगळे एंड आणि शॅकलच्या बुशा बसून वर उरतात एवढं खरं.

तुमच्या ड्रायव्हरनं ग्रीस मारलंच नसेल, असंही होऊ शकतं, मी त्याला ओळखत नाही. पण बुश बाहेर येईल तेव्हा तुम्ही स्वतः तिथं उभे राहा, आणि त्यालाही उभं करा. आणि ग्रीस मारताना चाक उचलून मारायला सांगा. वजन जमिनीवर असताना थ्रस्ट बेरिंगमध्ये ते जात नाही. हे बऱ्याच मालकांनाही ठाऊक नसतं. आमच्या दाजींना अजून नाही.

गाडी पॉवर स्टेअरिंगची असेल तर बॉक्सबद्दल जे लिहिलं ते तसंच्या तसं लावू नका, आधी तेलाची पातळी आणि गळती बघा. किंगपिनचं मात्र तेच.