बँक खातं गोठलं म्हणून पीएफ मोडू नका

प्रश्न: पत्नीच्या भावाने लेथ मशीनसाठी बँकेकडून कर्ज घेतलं. मी आणि त्याचा एक मित्र असे दोघे जामीन राहिलो. धंदा बसला, हप्ते थकले. कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, मी बघतो." मी कोर्टात गेलोच नाही. दोन वर्षांपूर्वी तिघांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला. आता बँकेने त्याच्या वसुलीसाठी कोर्टात दरखास्त दाखल केली आहे आणि गेल्या महिन्यात माझं पगाराचं खातं गोठवलं गेलं. त्यात १,७८,००० रुपये आहेत. एकूण येणं ६,४०,०००. त्यातलं मुद्दल ४,८०,०००, त्यावर पुढे १० टक्के सरळ व्याज. माझं वय ५४, पगार ४६,०००. दुसऱ्या बँकेत ३,२५,०००ची एफडी आहे, पीएफमध्ये १४ लाख, पीपीएफमध्ये ४ लाख. पीएफ-पीपीएफमधून काढून एकदाचं फेडून टाकू, की एफडी मोडून पत्नीच्या खात्यात ठेवू? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. पैसे दुसऱ्याने वापरले आणि खातं तुमचं गोठलं, याचा त्रास काय असतो ते मी समजू शकतो. तरीही आधी स्पष्ट सांगतो की दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दुसरा तर धोक्याचा आहे.

पत्नीच्या खात्याचं आधी बोलू. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऋणकोला, म्हणजे देणं असलेल्या माणसाला, दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद आहे, पण प्रामाणिकपणे पैसे नसलेल्या माणसासाठी ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हेच ठासून सांगितलं. कैदेची वेळ येते ती पैसे असून न देणाऱ्यावर किंवा दावा लागल्यानंतर मालमत्ता लबाडीने इकडची तिकडे करणाऱ्यावर. आज तुम्ही फक्त अडचणीत सापडलेले जामीनदार आहात. एफडी मोडून पैसे वहिनींच्या खात्यात टाकलेत की हे दुसरं कारण तुम्ही स्वतःच बँकेच्या वकिलाच्या हातात द्याल. आणि मिळणार काय? हुकूमनाम्यापासून १२ वर्षांपर्यंत दरखास्त करता येते. तुमची दोनच झाली आहेत.

आता पीएफ. पीएफ आणि पीपीएफमधल्या रकमेवर असा हुकूमनामा चालत नाही, तिची जप्ती होऊ शकत नाही. ग्रॅच्युइटीलाही संरक्षण आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन आणि ग्रॅच्युइटी हातात आल्यावरही ते संरक्षण टिकतं असं म्हटलं. पीएफचं संरक्षण मात्र पैसा फंडात असेपर्यंतच भक्कम असतं. कायद्याने तुमच्या म्हातारपणाभोवती घातलेलं हे कुंपण स्वतःच्या हाताने तोडू नका. चार वर्षांनी निवृत्त झाल्यावर पीएफची रक्कम बचत खात्यात येईल तेव्हा दरखास्त अजून जिवंत असेल, तर तोच पैसा उघडा पडेल. म्हणून हे देणं निवृत्तीच्या आत संपलं पाहिजे, पण ते पीएफला हात न लावता.

पगारातून किती जाऊ शकतं ते बघा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ४६,०००मध्ये सुरक्षित भाग ३१,०००, जप्त होऊ शकणारा १५,०००. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिने चालली की पुढे त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. म्हणजे पगारातून जास्तीत जास्त ३,६०,०००. ही बँकेची बाजू आहे आणि बँकेला ती पाठ असते. तुम्हालाही माहीत हवी, कारण वाटाघाटीला बसताना हा आकडा तुमच्या कामाचा आहे.

गोठलेल्या खात्यात गेल्या महिन्याचा पगार जमा झाला असेल तर पासबुकाची पानं जोडून त्यातला सुरक्षित भाग मोकळा करावा म्हणून लगेच अर्ज द्या. बाकीची शिल्लक वर्षानुवर्षं साठलेली बचत आहे, तिच्यासाठी हा युक्तिवाद दुबळा पडतो. ती गेली असं समजूनच पुढचा हिशोब करा.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी कोणी वकील फी मागत असेल तर थांबा. अर्जाची मुदत ३० दिवसांची असते. समन्स तुम्हाला मिळालं होतं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, त्यामुळे ती कधीच संपली. तो पैसा फेडीत घाला. (पतसंस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१खाली घेतलेला वसुली दाखला असता तर वाट वेगळी असती. तिथे दाखल्याला आव्हान द्यायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तुमचं प्रकरण दिवाणी कोर्टाचं आहे, दोन्हींची गल्लत करू नका.)

मग करायचं काय? मुद्दलावर दरमहा ४,००० रुपये व्याज चढतंय. एफडीवर ७ टक्के धरले तरी महिन्याला १,९०० मिळतात, तेही कर भरण्याआधी. ती एफडी राखून काही साधत नाही. गोठलेले १,७८,००० आणि एफडीतले २,७५,००० बँकेला देऊ करा. उरलेले ५०,००० घरासाठी ठेवा, आणि ठेवतोय हे उघड सांगा. मग १,८७,००० उरतात. दरमहा १५,०००ने साधारण १३ महिने. एवढ्या मोठ्या रकमेच्या बदल्यात पुढचं व्याज थांबवा आणि जमल्यास येणं कमी करा, हे ठामपणे मागा. हुकूमनाम्यानंतर कोर्ट हप्ते पाडून देतं ते बँकेच्या संमतीनेच, म्हणून आधी शाखेत आणि मग कोर्टात.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. जे द्याल ते कोर्टाच्या नोंदीत आलंच पाहिजे. माझ्याकडे पूर्वी एक जोडपं आलं होतं. त्यांनी सावकाराला कोर्टाबाहेर रोखीने पैसे दिले, साध्या कागदावर सही घेतली, आणि दीड वर्षाने त्याच रकमेची दरखास्त पुन्हा आली. कायदा असा आहे की कोर्टाबाहेर केलेली फेड प्रमाणित झाली नाही तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती विचारात घेत नाही. ऋणकोने अर्ज द्यायचा तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत. त्या बाईंनी त्या फेडीसाठी मंगळसूत्र मोडलं होतं. म्हणून सांगतो, रोख देऊ नका, आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्याची कोर्टात नोंद त्या ३० दिवसांच्या आत करून घ्या.

आता मेहुणा. बँकेने आधी त्याच्याकडून वसूल करावं असा आग्रह तुम्हाला धरता येत नाही, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया त्याच्याकडून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पूर्ण फेडल्यावर बँकेचे हक्कही तुमच्याकडे येतात, लेथ मशीनवरच्या तारणासकट. ते मशीन आज कुठे आहे, हे शाखेला आत्ताच लेखी विचारा. दुसऱ्या जामीनदारानेही निम्मा वाटा उचलायला हवा. दोघांवर दावा करायची मुदत प्रत्येकी तीन वर्षं आहे. मेहुण्याच्या बाबतीत ती तुम्ही बँकेला पैसे द्याल तेव्हापासून, मित्राच्या बाबतीत तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भराल तेव्हापासून.

भावाविरुद्ध कागद करायचा म्हटलं की वहिनींना जड जाईल, ते स्वाभाविक आहे. दावा उद्याच लावा असं मी म्हणत नाही. पण दोघांनी मिळून त्याला समोर बसवा, बँकेच्या हिशोबाचा कागद दाखवा आणि तो दरमहा किती देणार ते त्याच्या सहीने लिहून घ्या. पाच हजार का असेनात. तेवढ्यानेही तुमचे १३ महिने नऊ-दहावर येतील.