दहा ते चौदा वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी कोणती .२२ रायफल घ्यावी?

तुम्ही तीन पर्याय दिले आहेत: मित्राने सुचवलेली दहा गोळ्यांच्या मॅगझिनची सेमी-ऑटोमॅटिक, क्लबात पडून असलेली मोठ्यांची जुनी मॅच (स्पर्धेची) रायफल आणि ‘मुलांसाठी’ म्हणून विकली जाणारी एकेरी गोळीची बोल्ट रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी मागचा खटका (बोल्ट) हाताने उघडून काडतूस ठेवायची. शिवाय दुर्बीण लावावी का, हेही विचारलंय. मी मुलांना शिकवतो, त्या अनुभवावरून सरळच सांगतो. एकेरी गोळीची बोल्ट रायफल घ्या. आणि ती निवडताना कंपनीचं नाव नंतर बघा, आधी तुमच्या गटातल्या सगळ्यात लहान मुलाचा हात मोजा. (वय आणि परवान्याचे नियम तुम्ही तपासले आहेत असं धरून चालतो.)

मोजायचं कसं? रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून स्वतः बघा. मुलाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) मागची कड कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर न ताणता ट्रिगरवर पोचलं, तर माप जवळपास बरोबर. मग त्याला पालथं झोपवून खांद्याला लावायला लावा. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा आपसूक साईटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) मागे आला पाहिजे. मोठ्यांच्या रायफलीत ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतात, लहान मुलांच्या रायफलीत २९च्या आसपास. पाच-सहा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण लांब दस्ता घेतलेलं मूल बघा: कंबरेतून मागे कलतं, मान पुढे ताणतं, दस्ता खांद्यावरून सरकून दंडावर येतो. असं दोन महिने चाललं की ती ठेवण अंगवळणी पडते आणि पुढे योग्य मापाची रायफल दिली तरी मूल तसंच उभं राहतं. म्हणून क्लबातली जुनी मॅच रायफल कितीही अचूक असली तरी दहा वर्षांच्या मुलाला नको. चौदा वर्षांच्या उंच मुलाला ती टेकूवर ठेवून जरूर द्या.

मुलं भराभर वाढतात, त्यामुळे दस्त्याच्या मागे चकत्या घालून लांबी वाढवता येईल अशी रायफल मिळाली तर उत्तम.

वजनाच्या बाबतीत मात्र ओढाताण आहे. मुलांच्या रायफलींत सॅव्हेज कंपनीची रास्कल सव्वा किलोच्या घरात आहे, सीझेड कंपनीची ४५७ स्काउट सव्वादोन किलोच्या आसपास. हलकी रायफल मूल आनंदाने उचलतं, पण ती हातात थरथरते, श्वासागणिक हलते, आणि ट्रिगर जरा जड असला की ट्रिगर ओढतानाच नळी सरकते. जड रायफल स्थिर राहते, पण हात लवकर दमतात. माझं मत असं, की सुरुवातीचे काही आठवडे सगळं पालथं झोपून, पुढे वाळूच्या पिशवीचा टेकू देऊनच करायचं. तेव्हा वजनाचा प्रश्न टेकू सोडवतो आणि मुलाचं लक्ष साईट आणि ट्रिगर या दोनच गोष्टींवर राहतं. त्यामुळे दहा-अकराच्या मुलांसाठी हलकी, बारा-तेराच्या पुढे स्काउटसारखी जरा भरीव. उभ्याने नेम धरायची घाई मुलांपेक्षा पालकांनाच जास्त असते, तिकडे दुर्लक्ष करा.

आता सेमी-ऑटोमॅटिक. रुगरची १०/२२ ही १९६४पासून चालत आलेली, नावाजलेली रायफल आहे, तिच्यात खोट काढायची नाही. पण शिकणाऱ्या मुलाच्या हातात ती दिली की पहिली गोळी चुकल्यावर ते विचार करत नाही, दुसरी सोडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी सुटताच पुढची चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या खाचेत) आपोआप चढलेली असते. मूल हर्षाने ‘लागली!’ म्हणत मागे वळतं, त्याच्यासोबत नळीही वळते, ती भरलेली. एकेरी बोल्ट रायफलीत सुटलेल्या गोळीनंतर चेंबरमध्ये फक्त रिकामी पुंगळी असते, आणि शिकवणाऱ्याला दोन पावलांवरूनही बोल्ट उघडा आहे की मिटलेला हे दिसतं. बोल्ट उघडायचा, पुंगळी काढायची, नवं काडतूस बोटांनी ठेवायचं, या दहा-पंधरा सेकंदांत मूल मागच्या गोळीचा विचार करतं. शिकणं तिथेच होतं.

काही छोट्या एकेरी रायफलींत, उदाहरणार्थ ‘क्रिकेट’ नावाच्या रायफलीत, बोल्ट मिटवल्यावर मागची घुंडी हाताने ओढून कॉक करावी (गोळी सोडायला तयार करावी) लागते. सुरक्षेसाठी कल्पना चांगली, पण लहान बोटांना ती स्प्रिंग जड जाते. आणि गोळी न सोडता कॉक उतरवायचं तर घुंडी धरून ट्रिगर दाबावा लागतो. ते काम मुलाचं नाही, तुमचं. रास्कलमध्ये बोल्टची मूठ उचलली की कॉक होतं आणि ट्रिगरला हात न लावता काडतूस बाहेर काढता येतं. दोन्ही हाताळून बघाल तर मी रास्कलकडे का झुकतो ते कळेल.

डावखुऱ्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. हात कोणता यापेक्षा डोळा कोणता जोरकस आहे ते बघा. दोन्ही तळहात लांब करून मध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो जोरकस. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा जोरकस निघाला, तर डाव्या खांद्यावरून सुरू करून बघा. या वयात जुळवून घेणं सोपं असतं.

दुर्बीण सुरुवातीला नको. डोळा ठरावीक अंतरावर नसला की चित्र काळवंडतं, मग मूल डोकं मागेपुढे करत बसतं. त्यात स्वतःचा थरथराट मोठा होऊन दिसतो आणि नेम क्षणभर मध्यावर आला की मूल ट्रिगर हिसडतं. मागे छिद्राची साईट, पुढे गोल कडं किंवा काडी, एवढं पुरे. ट्रिगर साधारण एक ते दीड किलोच्या दाबाचा आणि सुटताना न खरखरणारा असावा.

गोळ्या साध्या वेगाच्या घ्या. .२२ लाँग रायफल या काडतुसाच्या ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅमच्या) साध्या गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या जवळपास, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा कमी. हाय व्हेलॉसिटी गोळी तो ओलांडते आणि कडाड असा आवाज करते. या रायफलीचा धक्का नगण्य असतो. मूल दचकतं ते आवाजाने, आणि एकदा दचकायची सवय लागली की ती लागायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ ती घालवायला जातो. कानाला आणि डोळ्याला संरक्षण पहिल्या गोळीपासून, शिकवणाऱ्यालाही. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं नाही. गोळी शिशाची असते. आणि ‘छोटी रायफल’ म्हणून लक्ष्यामागच्या, गोळी अडवणाऱ्या मातीच्या बांधाबाबत ढिलाई नको, ही गोळी दीड-दोन किलोमीटर सहज जाऊ शकते.

ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. हे पहिल्याच दिवशी शिकवा.

तुमच्याकडे ५० मीटरची रेंज नसेल तर .२२ आत्ता घेऊच नका. १० मीटरवर ४.५ मिलिमीटरची, आधी हवा भरून ठेवायची एअर रायफल घ्या. स्प्रिंगची स्वस्त एअर रायफल मात्र टाळा: आतला पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल दोन्ही दिशांना हिसका देते. अनुभवी माणसालाही ती सांभाळणं कठीण, मूल उगाच स्वतःला दोष देत बसतं.

प्रत्येक मुलाला वेगळी रायफल लागत नाही. जोड्या करा, एक नेम धरेल, दुसरा शेजारी बसून त्याचं बोट आणि बोल्ट बघेल. वाचलेल्या पैशांतून तीन-चार कंपन्यांच्या गोळ्यांची एकेक पेटी आणा, टेकूवरून पाच-पाच गोळ्यांचे गट मारा आणि तुमच्या रायफलीला जी मानवेल तीच वर्षभरासाठी एका लॉटची (एकाच वेळी बनलेल्या खेपेची) घ्या.