नाशकात पहिलं भाड्याचं घर बघताना
अंबडला नोकरी लागली म्हणून लगेच कॉलेज रोडला टू बीएचके बघू नकोस. तिथं पत्त्याचंही भाडं पडतं! आधी पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको पायी फिर. वॉचमनकाका एजंटापेक्षा खरा भाव सांगतात. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही विचार. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, पंचवटीकडचे मालक जास्त मागतील. म्हणून मुदत आणि दरवाढीचा टक्का करारातच लिहून घे. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच, आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची. मी एकदा नुसत्या नोटरीवर भागवलं. डिपॉझिटसाठी चार महिने खेटे घातले. आणि हो, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं ते मालकाला नको, शेजाऱ्यांना विचार.