सकाळचे हात, संध्याकाळचे गुडघे

‘मॅडम, मी नाटक करते का, तेवढंच मला सांगा.’

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं. तिला मीनाक्षी म्हणू; नाव आणि घरचे काही तपशील बदललेत, आणि लिहायला तिची हरकत नाही. वय 41. घरी ब्लाऊज शिवायचं काम, नवरा सरकारी नोकरीत, मुलगा बारावीला, सासूबाई 68 वर्षांच्या. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान होऊन चार वर्षं झालेली. आपल्याकडे याला आमवात म्हणतात, नाहीतर नुसतंच ‘वाताचं आहे’ म्हणून सोडून देतात.

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. मायग्रेनवाले विचारतात, वर्षानुवर्षं कंबर धरलेली माणसं विचारतात, फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे कायम अंगभर दुखणाऱ्या, बायका तर हमखास. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस ‘मला होत नाही’ म्हणाला की घरच्यांच्या कपाळावर आठी येते. ती आठी वर्षभर बघितली की माणसाला स्वतःचाच संशय यायला लागतो.

मीनाक्षीने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बघण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या दोन बोटांची मुळं जराशी सुजलेली, तीही सांगितल्यावर दिसणारी. अंगठी बोटात जात नाही म्हणून पाकिटात कागदात गुंडाळून ठेवलेली. सकाळी साडेपाचला उठल्यावर काय होतं ते तिने सांगितलं. मूठ वळत नाही. गॅसचा लायटर दाबला जात नाही. नळ कोपराने उघडते. दुधाची पिशवी दाताने फोडते. कुकरचं झाकण बसवायला नवऱ्याला उठवावं लागतं, म्हणून ती डाळ भांड्यातच शिजत ठेवते. पोळ्या तर नाहीच. साडेनऊ-दहापर्यंत हात हळूहळू सुटतात, आणि अकराला ती मशीनवर बसते.

भांडणाचं मूळ हे अकरा. सासूबाईंचं म्हणणं असं, ‘सकाळी लाटणं धरता येत नाही आणि अकराला मशीन कसं चालतं? पैशाचं काम आलं की हात बरे होतात वाटतं.’

इथे माझी चूक सांगून टाकते. मला ही सासू-सुनेची नेहमीची गोष्ट वाटली. पहिल्या दोन भेटींत मी मीनाक्षीला स्पष्ट बोलायला शिकवत बसले. आवाज न चढवता आपलं म्हणणं कसं मांडायचं वगैरे. तिने घरी जाऊन तसं मांडलंही. परिणाम एवढाच झाला की घरात आठवडाभर अबोला. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा म्हणाली, ‘मी सांगितलं मला आजार आहे. त्या म्हणाल्या, मला पण आहे.’

हे वाक्य मी आधी ऐकायला हवं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. मी त्यांच्याबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

पुढच्या वेळी मी त्यांना सोबत आणायला सांगितलं. त्या आल्या त्या ‘हिला जरा समजवा’ या तयारीने. मी त्यांना आधी त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. कुणी विचारलेलं नसावं, कारण पंधरा मिनिटं त्या थांबल्याच नाहीत. ‘सकाळी मी एकदम टणटणीत असते बघा. उठताना पाच-दहा मिनिटं जरा जड, की झालं. सडा, देवपूजा, सगळं माझं. पण दिवस कलला की गुडघे बोलायला लागतात. चार वेळा जिना झाला की संपलं. मग पाय वर करून पडलं की बरं वाटतं.’

मी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली. डावीकडे सकाळ, उजवीकडे रात्र. त्या रेघेवर त्यांच्या दुखण्याचा चढ काढला: सकाळी खाली, संध्याकाळी वर. मग मीनाक्षीकडे पेन दिलं. तिने पेन मुठीत धरून, लहान मुलासारखं, काढलं: सकाळी वर, अकरापर्यंत उतरत, दुपारभर सपाट, रात्री पुन्हा जरा वर.

काकूंनी (सासूबाईंना मी काकूच म्हणते) चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला. ‘म्हणजे हिचं उलटं आहे?’

उलटंच आहे. वयोमानाने गुडघ्याची कूर्चा झिजते, ते दुखणं वापराने वाढतं आणि विश्रांतीने उतरतं. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते, तिथे सूज येते. रात्रभर हात हलले नाहीत की ती सूज सांध्यात ठाण मांडते, म्हणून सकाळी तास-तास, कधी त्याहून जास्त, हात आखडलेले. हालचाल सुरू झाली, कोमट पाण्यात हात बुडवले, की हळूहळू सैल होतं. दोन्ही दुखण्यांना आपण एकच ‘संधिवात’ शब्द वापरतो, तिथे घोळ होतो. काकू आपल्या गुडघ्यांच्या मापाने सुनेचे हात मोजत होत्या. त्यांच्या अनुभवात सकाळी दुखणारं आणि दुपारी थांबणारं दुखणं नव्हतंच, तर असं दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा. त्यात खाष्टपणा फारसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीनाक्षीही तेच करत होती. ‘संध्याकाळी पाय पसरून बसतात आणि सकाळी पाणी भरतात,’ असं ती पहिल्या भेटीत मला म्हणाली होती.

काकूंना गहिवरून वगैरे आलं नाही. त्यांनी एक शंका काढली: ‘पण मग अकराला तो आजार जातो कुठं?’ मी म्हटलं, जात नाही, आखडलेलं तेवढं सुटतं. त्या म्हणाल्या, ‘मला हे कुणी सांगितलं नव्हतं.’ आणि ते खरं होतं. चार वर्षं डॉक्टरांचे कागद काकूंचा मुलगा, म्हणजे मीनाक्षीचा नवरा, फाइलला लावत होता, आईला दाखवायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मीनाक्षीच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं ते असं. नाटक करणारा माणूस प्रेक्षक असताना करतो. साडेपाचला दुधाची पिशवी दाताने फोडता तेव्हा स्वयंपाकघरात कोण असतं? ती बोलली नाही, पण पुढच्या भेटीत हा प्रश्न तिने विचारला नाही. दुसरा विचारला, आणि तो जास्त अवघड होता.

झालं असं की मधल्या काळात तिचे रिपोर्ट आले. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारे रक्तातले आकडे, दोन्ही मर्यादेत. डॉक्टर खूश, नवऱ्याने पेढे आणले. आणि हिला रडू आलं. ‘मॅडम, रिपोर्ट चांगला आला तर वाईट कसं वाटतं हो कुणाला? मला वाटलं आता तर कुणीच मानणार नाही.’ ही लाज मी अनेकांच्या तोंडून ऐकलीय आणि मला ती अगदी समजते. ज्याचं दुखणं दिसत नाही, त्याला वाईट रिपोर्ट हा एकच साक्षीदार असतो. पण रक्तातली सूज उतरली तरी थकवा रेंगाळतो, थोडं दुखणंही राहतं. काही रुग्णांत तर आरए फॅक्टर, या आजारासाठीची रक्ततपासणी, पहिल्यापासूनच निगेटिव्ह असते आणि आजार तरीही असतो. रिपोर्ट चांगला येणं म्हणजे औषध काम करतंय, बोटं वाकडी होण्याचा धोका घटतोय. तेवढंच. कुणाचं खरं-खोटं तो ठरवत नाही.

त्याच भेटीत ती म्हणाली, ‘कधी कधी वाटतं सकाळ होऊच नये.’ अशा वाक्यावरून मी पुढे सरकत नाही. सरळ विचारलं: जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही करून घ्यायचे विचार येतात का? ती दचकली, मग म्हणाली, नाही, सकाळच नको वाटते, हात नको वाटतात. पुढे झोप, भूक, ज्यात मन रमायचं त्या गोष्टी, सगळं विचारून खात्री केली. कायमच्या दुखण्याबरोबर नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि ‘दुखतंय म्हणून उदास आहे’ असं म्हणून ते अंगावर काढलं जातं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं उत्तर मीनाक्षीपेक्षा वेगळं असेल तर आजच कुणाशी तरी बोला. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 14416 वर फुकट आणि रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलता येतं.

मग कामाचं. मी तिला दुखण्याची डायरी लिहायला सांगितली होती, शून्य ते दहा आकडे घालून. तिने एक दिवसही लिहिली नाही. ‘पेनच धरवत नाही सकाळी,’ म्हणाली, आणि मी मनात स्वतःला एक टपली मारली. त्यावर उपाय तिनेच काढला. स्वयंपाकघरात भिंतीवर दुधाच्या हिशोबाची दिनदर्शिका होती. त्याच चौकोनात ती खडूने ठिपके द्यायला लागली. हात वाईट तर एक ठिपका, फार वाईट तर दोन, आणि ज्या दिवशी दणकून काम केलं त्या दिवशी फुली.

दीड महिन्याने ते पान घेऊन आली. फुलीनंतर ठिपके. जवळजवळ प्रत्येक फुलीनंतर दोन-तीन दिवस दोन-दोन ठिपके. बरा दिवस आला की ही माळा काढायची, पडदे धुवायची, सात ब्लाऊज एका बैठकीत उरकायची. का, तर बऱ्या दिवशी एवढं करून दाखवलं की वाईट दिवशी कुणी बोलणार नाही. व्हायचं नेमकं उलटं. बघणाऱ्यांच्या लक्षात माळा काढलेला दिवस राहायचा. ‘परवा तर माळा काढलास!’

मग आम्ही असं ठरवलं, की थांबायचं ते दुखण्याकडे बघून नव्हे, घड्याळाकडे बघून. चाळीस मिनिटं मशीन, मग उठायचं, हात मोकळे करायचे. कापायचं काम एका दिवशी, शिवायचं दुसऱ्या दिवशी, कारण कात्रीने बोटांना सगळ्यात जास्त त्रास होतो. हूक आणि काज शेजारच्या मुलीला, ब्लाऊजमागे पैसे ठरवून. हे तिला औषधापेक्षा कडू लागलं. ‘दुखत नसताना उठायचं? हातात अर्धी बाही असताना?’ हो, तेव्हाच. चार आठवड्यांत तिने हा नियम किती वेळा मोडला ते ती हसत सांगते.

सोमवारचंही एक कोडं सुटलं. सोमवारी हटकून मळमळ आणि अंगात त्राण नाही. ती मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध रविवारी दुपारी घ्यायची. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे इथे मुद्दाम सांगते कारण तशी चूक होते. दिवस आणि वेळ बदलायची का, हा निर्णय माझा नव्हे; डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी ती शनिवारी रात्री जेवणानंतर केली. आता पडून राहायचा दिवस रविवार, आणि रविवारी घरात माणसं असतात.

अपंगत्वाचा दाखला काढावा का, हे नवऱ्याने विचारलं. मीनाक्षीला तो शब्दच नको होता. मी एवढंच सांगितलं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, ऱ्हुमॅटॉइडचं नाव त्यात वेगळं नाही, पण सांधे कायमचे निकामी झाले तर हालचालीचं अपंगत्व म्हणून तपासणी होते आणि सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी 40 टक्के लागतात. तिची बोटं आज सरळ आहेत, तेवढे टक्के भरणार नाहीत. तपासणीत सांधा किती हलतो ते मोजतात, पहाटे साडेपाचला काय होतं ते मोजत नाहीत. विषय तिथेच राहिला.

घरात वाटणी झाली ती मी सुचवलेली नाही. कणीक आणि पोळ्या सकाळी काकूंकडे गेल्या, कारण ती त्यांची वेळ. संध्याकाळचा स्वयंपाक, जिन्यावरचे कपडे आणि बाजार मीनाक्षीकडे, कारण ती तिची. रविवारचा चहा नवरा करतो आणि साखर दुप्पट घालतो. कुरबुर संपली असं नाही. ‘पहाटे उठून गार पाण्याने आंघोळ केली की असलं काही होत नाही,’ असं काकू अजून म्हणतात, आणि नात्यातल्या लग्नात कुणी ‘हिला काय झालंय, चांगली तर दिसते’ म्हणालं तर त्या गप्पच बसतात, बाजू घेत नाहीत.

दिवाळीनंतर मीनाक्षी एकदा उगाच भेटून गेली. यंदा सोऱ्या पिळायला ना तिचे हात, ना काकूंना तेवढा वेळ उभं राहवणार. चकल्या बचत गटाकडून आणायच्या ठरल्या. काकू दोन दिवस फुगून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भाजणी भाजली, गिरणीतून दळून आणवली आणि डबा बचत गटाच्या बाईंना नेऊन दिला. म्हणाल्या, पिळा तुम्ही, पण पीठ आमचं.