दौत बघा, मग पोथी

जुनी पुस्तकं आणि लेखनसाहित्य बघायला नव्यानंच सुरुवात करताय, तर पुण्यातल्या शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयापासून करा. तिथल्या नक्षीदार दौतींपुढे जरा रेंगाळा. बोरू कसा बुडत असेल, शाई सांडू नये म्हणून काय केलंय, ते बघा. निव्वळ फोटो काढून पुढे सरकू नका.

छापील वस्तू ओळखताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो शिळाप्रेसमध्ये. ते पुस्तक हस्तलिखितासारखं दिसतं, कारण मजकूर हातानंच लिहून दगडावर उतरवलेला असतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत मात्र तोच 'क' पानभर अगदी सारखा येतो, आणि कागदाच्या पाठीमागे बऱ्याचदा दाबाचा उठाव दिसतो. तिरप्या उजेडात तो चटकन कळतो. पोथीत अक्षरांवर पिवळा लेप दिसला तर तो डाग समजू नका. पोथी लिहून काढणाऱ्यानं चूक हरताळानं झाकलेली असते. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज, तेव्हा तिथे बोट लावायचं नाही!

भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) जुनी कागदपत्रं बघायला जायचं तर आधी मोडी लिपी शिका. वाचता येत नसेल तर दप्तर, म्हणजे त्या कागदांचा गठ्ठा, मागून उपयोग नाही.

लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, जुनी पंचांगं यांना कमी लेखू नका. मला तर ग्रंथांपेक्षा त्यांचंच वेड जास्त. घरी असतील तर सेलोटेप मुळीच लावू नका आणि लॅमिनेशनचा विचारही नको.